चुंग सरांनी कानात सांगितलेली नावे

"चुंग सरांनी आम्हांला हात राखून शिकवलं." हे वाक्य गेल्या महिन्यात नाशिक रोडच्या एका सभागृहात, हार घातलेल्या छायाचित्राशेजारी उभे राहून, ध्वनिक्षेपकावरून उच्चारले गेले, आणि भरल्या सभागृहाने त्यावर खिन्नपणे मान डोलावली. मी उत्तर देण्यासाठी उठलो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने "आजोबा, वेळ संपलीये" असे म्हणून मला खाली बसवले. मी आजोबांच्या वयाचा आहे हे मान्य. वेळ संपली होती हे मान्य नाही. तेथे जे बोलू दिले गेले नाही ते येथे लिहीत आहे.

आरोप आधी नीट मांडतो. आरोप अर्धवट सांगून त्याचे खंडन करण्याची रीत हल्ली फार बोकाळली आहे. ती माझी नव्हे. चुंग सर देवळाली कॅम्पात आयुष्यभर चिनी युद्धकला शिकवीत. तिचा जो संथ प्रकार लोकांना ताई ची म्हणून माहीत आहे, त्याचा वर्ग सकाळी, जुन्या आरोग्यधामामागच्या पटांगणात भरे. या प्रकारात हालचालींची एक लांब साखळी असते आणि प्रत्येक हालचालीला जुने चिनी नाव असते. सर ती नावे फळ्यावर लिहीत नसत आणि मोठ्याने उच्चारीतही नसत. शिष्याच्या अंगात ती हालचाल मुरली, की त्याच्या एकट्याच्या कानात ते नाव सांगत. साखळीतल्या शेवटच्या हालचालीचे नाव मात्र त्यांनी कोणाच्याही कानात सांगितले नाही. इथपर्यंत सगळे खरे आहे. त्यावरून सभेने असा निष्कर्ष काढला की सरांनी शेवटची किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि ते ती घेऊन गेले. हा निष्कर्ष खोटा आहे. तो खोटा का, हे सांगू शकेल असा मनुष्य मी एकटाच उरलो आहे. कारण सर कॅम्प सोडून गेले त्या सकाळी त्यांच्या अंगणात माझ्याशिवाय दुसरे कोणी नव्हते.

मुळात सरांविषयी जे जे छापून आले आणि बोलले गेले, त्यातले फार थोडे बरोबर आहे. एका वर्तमानपत्राने त्यांना 'चीनहून आलेले गुरू' म्हटले. सरांनी चीन कधी पाहिला नाही. त्यांचा जन्म कॅम्पाच्या बाजारातला. वडील कलकत्त्याच्या चिनी वस्तीतून येऊन येथे स्थिरावले होते आणि छावणीतल्या अधिकाऱ्यांचे बूट शिवीत; हालचालींची साखळी आणि तिची नावे सरांना त्यांच्याकडूनच मिळाली. सरांनी तेच दुकान पुढे चालवले आणि तयार बुटांनी बाजार भरून गेला तेव्हा शांतपणे बंद केले. दुसऱ्या एका लेखकाने त्यांना 'मितभाषी' ठरवले. हा लेखक त्यांच्या शेजारी पाच मिनिटे बसला असता तर हा शब्द त्याने परत घेतला असता. सर भरपूर बोलत. कॅम्पाच्या मराठीत, तिच्यात हिंदी मिसळून, आणि बहुतेक वेळा समोरच्याच्या पायांकडे पाहून. चपलांच्या ढिगातली एखादी चप्पल उचलून ते विचारीत, "ही कोणाची? तुझी? डावी टाच एवढी का झिजवतोस? उजव्या पायावर विश्वास नाही?" आणि खरोखरच तो मुलगा उजव्या पायावर उभा राहिला की डगमगे.

अंगाने बारीक, मान किंचित पुढे काढलेली, पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. ते अनवाणी कधी दिसले नाहीत. बूट शिवणाऱ्याच्या मुलाने अनवाणी फिरणे म्हणजे वडिलांच्या तोंडावर दुकान बंद करणे, असे ते म्हणत. चहा ते बिनदुधाचा पीत आणि आम्हांला दुधाचा देत. "माझा मला, तुमचा तुम्हाला," हे त्यावरचे त्यांचे भाष्य. छावणीच्या मैदानात तोफांचा सराव सुरू झाला की नवशिके दचकत, हातपाय विस्कटत. सर डोळेही न हलवता म्हणत, "तो तिकडे बोलतोय. तुझ्याशी नाही बोलत."

मी त्यांच्याकडे सेवानिवृत्तीनंतर गेलो. तोपर्यंत घरात मी एकटाच उरलो होतो आणि डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी काहीतरी करा असा सल्ला दिला होता. माझी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या राजभाषा विभागात गेली. यंत्रांना, सुट्या भागांना, हुद्द्यांना आणि नियमांना शब्द देणे हे माझे काम. त्यांतले किती शब्द कामगारांच्या तोंडी बसले, असा प्रश्न काही लोक कुत्सितपणे विचारतात. शब्द बिनचूक आहे की नाही हे ठरवण्याची ती कसोटी नव्हे. सांगायचा मुद्दा असा की परिभाषा म्हणजे काय हे मला शिकवण्याची गरज नव्हती, आणि सरांच्या वर्गात परिभाषेची जी अवस्था मी पाहिली ती पाहून पहिल्या आठवड्यात मला झोप लागली नाही.

त्या वर्गाची पद्धत अशी होती. हालचाल प्रथम बिननावाची शिकायची. सर करून दाखवीत, शिष्य करी, महिनेच्या महिने. एके दिवशी सर थांबत, त्याच्याकडे बघत आणि विचारीत, "बोला. काय म्हणाल याला?" मग शिष्याने स्वतःच्या आयुष्यातून त्या हालचालीला नाव द्यायचे. नाव पटले तर सर "हं" म्हणत, जवळ येत आणि जुने चिनी नाव त्याच्या कानात सांगत. त्या क्षणी वर्गातल्या बाकीच्यांनी काय करायचे, तर सरांच्या पाठीत धपाटे घालायचे. हो, धपाटे. सभेत यातले कोणी काही बोलले नाही; बहुधा ते चिनी परंपरेत बसत नाही म्हणून. ते बसत नाहीच. ते भगूरचे होते.

हे मला शालिनीबाईंनी सांगितले. शालिनीबाई म्हणजे सरांच्या पत्नी, माहेर भगूरचे, बोलणे खणखणीत. मुलीच्या बारशाला पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ती 'कुर्रर्र' करून नाव सांगते आणि इतर बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सरांना बहीण नव्हती. "बायका म्हणाल्या, चुलत-मावस कोणीतरी उभी करा," शालिनीबाई सांगत होत्या. "हे म्हणाले, मीच सांगतो. सगळ्या हसायला लागल्या. पुरुष कुठं नाव सांगतो का? पण हे वाकले पाळण्यावर. मग आम्ही पण सोडलं नाही. असे धपाटे घातले की याद राखावी."

"आणि नाव काय सांगितलं?"

"ते आजतागायत मला नाही सांगितलं. आम्ही सगळे मीना म्हणतो. कानात काय सांगितलं ते त्यांना ठाऊक आणि तिला. तिला तरी काय आठवतंय? दोन आठवड्यांची होती."

सर तेथेच बसून बिनदुधाचा चहा पीत होते. ते फक्त म्हणाले, "तिला सांगितलं ना? मग झालं."

पद्धतीचा परिणाम असा की एकाच हालचालीला वर्गात जितकी माणसे तितकी नावे. कमरेतून वळत दोन्ही हात आडवे फिरवत न्यायचे, अशी एक हालचाल आहे. तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार तिला 'दुर्बीण फिरवणे' म्हणत. मंदाताई नावाच्या बाई पहाटे भाजी बाजारात पोचवून वर्गाला येत. त्यांचे कुटुंब शहराच्या कडेला कोथिंबीर-मेथी पिकवणारे. त्या तिला 'दारं धरणं' म्हणत, म्हणजे फावड्याने बांध फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणे. दोघांचे संवाद ऐकण्यासारखे असत.

"मंदाताई, दुर्बीण फिरवताना तुमचं कोपर पडतंय."

"माझ्याकडं दुर्बीण नाय सुभेदार, फावडं हाय. फावड्याला कोपर पडावंच लागतं."

"मास्टरजी, आप ही बोलो."

सर म्हणत, "तिचं पाणी वाफ्यात पोचतंय. तुमचा शत्रू दिसला का?"

मी या हालचालीचा अर्थ ग्रंथालयातून शोधून काढला होता. माझी पाळी आली तेव्हा मी स्पष्ट उच्चारात सांगितले, "मेघहस्त."

सरांनी विचारले, "ढग कधी हातात घेतलाय?"

"प्रश्न माझ्या अनुभवाचा नाही. मूळ चिनी शब्दाचा अर्थ तोच आहे."

"अर्थ बरोबर आहे, गायधनी. हात चुकलाय."

या उत्तराला काही तर्क नाही, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो. मात्र वर्गाला खोळंबून ठेवणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून बऱ्याच दिवसांनी मी तडजोड म्हणून म्हणालो, "डावीकडच्या टेबलावरची फाइल न वाचता उजवीकडच्या टेबलावर सरकवणे." सर इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. मग उठून त्यांनी माझ्या कानात नाव सांगितले आणि सुभेदारांनी या संधीचा फायदा घेऊन त्यांच्या पाठीत तोफखान्याला शोभेल असा धपाटा घातला. कानात आलेला तो शब्द ऊबदार होता. मी आयुष्यभर शब्दांचेच काम केले. तरी इतक्या जवळून शब्द मला कोणी सांगितला नव्हता.

शेवटच्या हालचालीचे मात्र काही जमेना. ती दिसायला अगदी साधी. दोन्ही हात बाजूंना पसरायचे, समोर आणून छातीशी एकमेकांवर ठेवायचे, मग तळवे खाली करून सावकाश सोडून द्यायचे आणि पाय जुळवायचे. सुभेदार म्हणाले, "विसर्जन. परेड संपली." सर म्हणाले, "अजून नाही." मंदाताई म्हणाल्या, "डोक्यावरची पाटी उतरवली. माल खपला." तेव्हा आम्हां सर्वांना वाटले की आता धपाटे घालायचे, हात उचललेही गेले. सरांनी मान हलवली. "अजून नाही." मी 'उपसंहार' सुचवला, 'समापन' सुचवला. "नाही, गायधनी." पुढे पुढे ते विचारतानाच दुसरीकडे बघत. सुभेदार एकदा चिडून म्हणाले, या हालचालीला नावच नाही, मास्टरजी आपली फिरकी घेतायत. सभेतही त्यांनी हाच सिद्धान्त मांडला. सुभेदारांविषयी मला आदर आहे; सिद्धान्ताविषयी नाही.

आता विनीतविषयी. 'हात राखून' हे वाक्य त्याचे. तो सरांच्याच हाताखाली लहानाचा मोठा झालेला, नंतर बाहेर जाऊन प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवून आलेला आणि आज नाशिक रोडला आरशांच्या भिंती असलेली अकादमी चालवणारा. त्याने एका सकाळी सगळ्या हालचालींची प्रमाण चिनी नावे छापलेला मोठा तक्ता आणला आणि आरोग्यधामाच्या भिंतीला लावला.

"सर, कॉम्पिटिशनमध्ये जज लोक ही टर्मिनोलॉजी विचारतात. आपल्याकडे एकाच वर्गात चार भाषा चालतात. मी मुलांना ओरडून काय सांगू? दारं धरा का दुर्बीण फिरवा?"

हा मुद्दा योग्य होता. तत्त्वतः विनीत माझ्याच पक्षाचा होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडण्याचा अधिकार मला अधिक आहे. सर तक्त्यासमोर उभे राहून बोट फिरवत वाचू लागले. दुर्बीण-फावडे-फायलीच्या त्या हालचालीपुढे 'युन शोउ' असे होते. सरांनी आमच्या कानात 'युन सू' सांगितले होते.

"सर, राग मानू नका, पण आपला उच्चार चुकीचा आहे," विनीत म्हणाला.

"तुझा बरोबर आहे. राजधानीचा आहे तो. माझा गावचा." सरांनी वळून विचारले, "तुझी आई कुठली रे?"

"सटाण्याकडची."

"घरी काय म्हणते? आहे, का शे?"

"शे म्हणते."

"तिला चूक म्हणतोस?"

"आईची परीक्षा घ्यायला जज येत नाहीत, सर."

सगळ्यांत मोठ्याने सर हसले. तक्ता त्यांनी काढू दिला नाही. पावसाळ्यात तो आपोआप निघाला. पण मुले एकेक करून आरशांकडे गेली. त्यांत अन्याय काही झाला असे मी म्हणणार नाही. मुलांना स्पर्धा हव्या होत्या आणि स्पर्धेला एक भाषा लागते. पटांगणात आम्ही म्हातारे उरलो. पुढे सुभेदारांना हृदयाचा त्रास सुरू झाला, मंदाताईंच्या घरी सून बाळंत झाली, आणि कित्येक सकाळी सर आणि मी असे दोघेच असू. त्यांनी याचे वाईट वाटून घेतलेले मला दिसले नाही. वर्ग वेळेवर सुरू होई आणि वेळेवर संपे.

सरांना चिनी येतच नव्हते, असेही एकाने लिहिले आहे. या गृहस्थांनी कॅम्पाच्या बाजारात कधी बूट शिवून घेतले नसावेत. मी घेतले आहेत. सर पावलाखाली कागद ठेवून पेन्सिलीने कड आखीत आणि फीत लावून माप घेताना पुटपुटत मोजीत, ते त्यांच्या घरच्या बोलीत. हिशेब मराठीत, दर हिंदीत, पण मोजणे त्या बोलीत. रविवारी दुपारी कलकत्त्याहून त्यांच्या थोरल्या भावाचा फोन येई. त्या वेळी त्यांच्या घरी गेलेला मनुष्य दारातच थबके, कारण आत कोणी दुसराच माणूस बोलत आहे असे वाटे. आवाज वेगळा, वेग वेगळा, हसण्याची जागा वेगळी. शालिनीबाई आम्हांला हातानेच "बसा" म्हणत आणि हळूच सांगत, "आता अर्धा तास ते माझे नाहीत."

भाऊ वारला. रविवारची दुपार इतर दुपारींसारखी झाली. नंतर शालिनीबाई गेल्या. एकदा माझ्या बुटाचा तळ बदलून देताना सर फीत लावून मोजू लागले आणि मी ऐकले, "दहा, साडेदहा, पावणेअकरा..." मी वर पाहिले. त्यांच्या ते लक्षात आले नव्हते. काय बोलावे यासाठी मला शब्द नव्हता, आणि माझ्या बाबतीत ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

मीना कॅनडात राहते. ती वडिलांना न्यायला आली तेव्हा कॅम्पात सगळे म्हणाले, फार चांगले झाले. सर मला म्हणाले, "तिकडे कलकत्त्याचे खूप लोक आहेत म्हणे. संध्याकाळी एका हॉलमध्ये जमतात. आपल्या भाषेत बोलतात." हे सांगताना ते आनंदात असावेत अशी माझी समजूत होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आत चिकटपट्टी ओढल्याचे आवाज येत होते. अंगणात बुटांचे लाकडी साचे पोत्यात भरून ठेवलेले. सर खडूने पांढरे केलेल्या बुटांत तयार उभे होते.

"आलात ते बरं झालं, गायधनी. चला, एकदा करू."

आम्ही साखळी सुरू केली. अंगण लहान होते, म्हणून वळताना एकमेकांना जागा द्यावी लागत होती. शेवटच्या हालचालीनंतर मी पाय जुळवले आणि त्यांनी विचारले, "बोला. काय म्हणाल याला?" या हालचालीचे नाव विचारताना ते कितीतरी वर्षांनी माझ्याकडे पाहत होते.

मी एक शब्द तयार ठेवला होता. चांगला, निर्दोष, तत्सम शब्द होता. पण त्या सकाळी निघण्यापूर्वी मी दोरीवरची पलंगाची चादर काढून घडी घातली होती आणि हात अजून ते विसरले नव्हते. मी म्हणालो, "चादरीची घडी."

"ती दोघं घालतात."

"एकट्याने घातलेली."

"एकट्याने कशी?"

"मध्यभाग हनुवटीखाली धरायचा. हात पसरून दोन्ही टोकं ताणायची, जवळ आणायची, आणि मग खाली सोडायची."

सरांनी हनुवटी छातीला लावली, हात पसरले, जवळ आणले, सोडले. पुन्हा एकदा केले. "शालू गेल्यापासून मीपण असंच करतो," ते म्हणाले. "माझी वाकडी होते."

"माझीही होते."

"हं," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मग ते जवळ आले. मी वाकलो. धपाटे घालायला कोणी नव्हते. त्यांचा श्वास माझ्या कानावर लागत होता, आणि मी थांबलो. आत कोणीतरी खोके सरकवले. मी आणखी थांबलो.

"नाही येत," सर म्हणाले.

मी सरळ उभा राहिलो.

"होतं. भाऊ होता तोपर्यंत नक्की होतं, पण तेव्हा शेवटची हालचाल कोणाच्या अंगात मुरली नव्हती. मग एक दिवस बघायला गेलो तर नव्हतं. बाकीची आहेत सगळी. हेच नाही."

"आठवेल."

"किती वर्षं झाली. रोज बघतो." ते पोत्यावर बसले. "मंदाचं नाव चांगलं होतं, गायधनी. पाटी उतरवणं. यापेक्षा चांगलं काय असतं? सुभेदारांचंही चाललं असतं. पण हं म्हटलं की कानात सांगावं लागतं. म्हणून नाही म्हणत गेलो."

"विनीतच्या तक्त्यावर शेवटचं नाव होतं की. तुम्ही वाचलंत."

"वाचलं. ते तक्त्याचं आहे. आमच्या बाबांच्या तोंडचं नाही."

"मग तिकडे कलकत्त्याच्या लोकांना विचारा."

"विचारीन." ते बुटांकडे पाहत म्हणाले, "माझं बोलणं त्यांना कळेल का पण?"

 

हात राखून शिकवणारा गुरू म्हणजे काय हे मी पाहिले आहे. अशा माणसाची पेटी भरलेली असते आणि तो तिला कुलूप लावतो. सरांच्या पेटीतला तेवढा एक कप्पा रिकामा झाला होता, आणि तो रिकामा आहे हे कोणाला दिसू नये म्हणून ते एकटेच त्यावर झाकण धरून बसले होते. नाव माहीत नसणे वेगळे, नाव न देणे वेगळे, आणि ज्याच्याशी बोलावे असे कोणी न उरल्यामुळे नाव हातून निसटणे वेगळे. सभेने या तीन गोष्टींची गल्लत केली. मंदाताईंना मी हे सर्व त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्या मेथी निवडत होत्या, हात थांबवून म्हणाल्या, "मला वाटायचं माझंच नाव कच्चं हाय." आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

सर तिकडेच वारले. मीनाने फोन केला तेव्हा मी विचारले की हॉलमध्ये जात असत का. जात असत, ती म्हणाली, दर संध्याकाळी जात. सगळ्यांमध्ये बसत, ऐकत. विनोद झाला की हसतही, पण इतरांच्या थोडे नंतर. नाव सापडले का, हे मी तिला विचारले नाही. ती ज्याची गोष्ट होती तो विचारून गेला असेल किंवा नसेल.

सर निघाले त्या सकाळी गाडी यायला अजून अवकाश होता. मी नमस्कार करून फाटकाबाहेर पडलो आणि कोपऱ्यावर मागे वळून पाहिले. सर उठले होते. त्यांनी साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती, नेहमीपेक्षा फार सावकाश, आणि प्रत्येक हालचालीला त्यांचे ओठ हलत होते. जिना अंधारात चढताना माणूस एकेक पायरी पायाने चाचपत जातो, तसे ते एकेक नाव धरून वर येत होते. मी परत जाऊ शकलो असतो. पण काही शोधत असलेल्या माणसाकडे पाहत उभे राहणे मला असभ्य वाटते, म्हणून मी तेथूनच, भिंतीच्या आडोशाने पाहिले. शेवटच्या हालचालीला त्यांनी हात पसरले आणि ते थांबले. ओठही थांबले. घरातून मीनाने इंग्रजीत हाक मारली. हात खाली न आणता, तसेच पसरलेले ठेवून, त्यांनी फक्त मान दाराकडे वळवली आणि म्हणाले, "आलो गं, एक मिनिट."